अपघाताचा दावा हरलो तर खर्च कुणी भरायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपघाताच्या कामासाठी ऑफिसात येणारी माणसं खुर्चीत बसताना 'किती मिळतील' असं विचारतात, आणि उठून दारात चपला घालताना 'आणि हरलो तर?' असं. पहिल्या प्रश्नाला उत्तर देणारे दवाखान्याच्या आवारातसुद्धा भेटतात. दुसऱ्यावर बहुधा 'ते नंतर बघू' एवढंच ऐकायला मिळतं. रत्नागिरी, खेड आणि ओरोसच्या कोर्टांत वकील म्हणून ही कामं चालवताना जे प्रश्न पुन्हापुन्हा आले, ते शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथे देतोय.

"माका इतक्याच सांगा, केस हरलंय तर घरार जप्ती येतली काय?"

कुडाळकडच्या एका काकांचा हा प्रश्न. दुचाकीला टेम्पोची धडक, मांडीत सळई. दावा करायचा की नाही हे ते याच उत्तरावर ठरवणार होते.

नुसतं हरल्याने जप्ती येत नाही. आधी कोर्टाने तुमच्याविरुद्ध खर्चाचा हुकूम, म्हणजे समोरच्याचा कोर्टखर्च तुम्ही द्यावा असा हुकूम, करायला हवा. मग समोरच्याने त्या हुकुमाची दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावायला हवी. दरखास्तीत जप्त करण्याजोगं काहीतरी सापडायला हवं. आणि एवढं सगळं करण्याइतकी ती रक्कम मोठी असायला हवी. माझ्या पाहण्यात, प्रामाणिक दावा हरलेल्या माणसाच्या दारात विमा कंपनीचा माणूस बेलिफ (कोर्टाचा जप्ती करणारा कर्मचारी) घेऊन आलाय, असं क्वचितच घडलंय. पण क्वचित म्हणजे कधीच नाही असं नव्हे, म्हणून पुढचं वाचा.

निकालपत्रात नेमकं काय बघायचं?

शेवटचं पान. तिथे तीनपैकी एक वाक्य असतं. 'खर्चाबाबत हुकूम नाही' किंवा 'ज्याचा खर्च त्याने सोसावा' असं असेल तर निश्चिंत व्हा, समोरच्याला तुमच्याकडून दमडीही मागता येत नाही. 'अर्ज खर्चासह फेटाळण्यात येत आहे' असेल तर देणं लागलं. आणि अर्धवट जिंकलात, म्हणजे १५ लाख मागून ३ लाख मिळाले, तर 'प्रमाणशीर खर्च' असा शब्द येऊ शकतो, म्हणजे जिंकलेल्या-हरलेल्या भागाच्या प्रमाणात वाटलेला खर्च.

मूळ नियम दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ३५ मध्ये आहे. खर्च कुणी द्यायचा हे कोर्टाच्या मर्जीवर, पण साधारणपणे हरणाऱ्याने द्यायचा. तसं करायचं नसेल तर कोर्टाने कारण लिहायचं. हे साध्या दिवाणी दाव्याचं झालं. मोटार अपघाताच्या ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, चित्र बरंच सौम्य असतं. जखमी माणूस किंवा मयताची बायको हरली, की न्यायाधीश सहसा ज्याचा त्याच्यावर टाकून मोकळे होतात. हा शिरस्ता आहे, हक्क नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

'खर्चासह' म्हणजे विमा कंपनीच्या वकिलाची सगळी फी माझ्या डोक्यावर?

नाही, आणि लोकांची सगळ्यात जास्त झोप उडते ती याच गैरसमजाने. हुकूमनाम्याच्या, म्हणजे निकालावरून काढलेल्या अंतिम आदेशाच्या, शेवटी एक तक्ता असतो, दोन रकाने: वादीचा खर्च, प्रतिवादीचा खर्च. त्यात वकीलपत्रावरचा स्टॅम्प, समन्सची प्रोसेस फी, साक्षीदाराचा भत्ता, नकलांचे पैसे आणि वकिलाची फी अशा ओळी असतात. ही फी नियमांतल्या दराने लावतात, वकिलाने प्रत्यक्षात घेतलेली नव्हे. समोरच्याने मुंबईहून बडा वकील आणला, हॉटेलात उतरवला, गाडीभाडं दिलं, तरी त्यातलं फारसं काही तक्त्यात येत नाही. प्रत्यक्ष झालेला खर्च मिळायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने सेलमच्या वकील संघटनेच्या (सेलम बार) प्रकरणातल्या २००५ च्या निकालात सांगितलं होतं. खालच्या कोर्टांतला तक्ता मात्र अजून जुन्याच चालीने भरला जातो.

तक्ता न वाचता लोक घाबरतात. तो आधी नीट वाचा. बेरीज चुकलेली असेल तर दुरुस्तीचा अर्ज देता येतो, आणि बेरीज चुकते.

दावा खोटा ठरला तर किती दंड?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १७२ हे फार कमी लोकांनी वाचलेलं कलम आहे. एखाद्या पक्षाने किंवा विमा कंपनीने खोटा अथवा निव्वळ त्रास देण्यासाठी दावा किंवा बचाव मांडला, तर ट्रिब्युनल कारणं लिहून विशेष खर्च लावू शकतं. मर्यादा: एक हजार रुपये. दिवाणी कोर्टात याच जातीचं कलम ३५अ आहे, तिथे मर्यादा तीन हजार. ही रक्कम वाढवायला हवी असं सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलंय. पुस्तकात आकडा तोच आहे. हजार रुपयांत आज आंब्याची बरी पेटीही येत नाही.

हे ऐकून मागे एकजण हसत म्हणाला, "मग काय, हजार रुपयांचं तिकीट काढून बघायला काय हरकत?" त्याला मी त्याच कलमाचं पुढचं पोटकलम वाचून दाखवलं: विशेष खर्च भरला म्हणून फौजदारी जबाबदारीतून सुटका नाही. आता फौजदारीची बाजू भारतीय न्याय संहितेत आहे. कलम २४६ कोर्टात अप्रामाणिकपणे खोटा दावा करण्याबद्दल, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. कलम २२९ न्यायालयीन कामात खोटा पुरावा देण्याबद्दल, शिक्षा सात वर्षांपर्यंत. तक्रार कोर्ट स्वतः करतं, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली. हसणं थांबलं.

"पण माझा दावा खोटा नव्हता हो, फक्त सिद्ध झाला नाही!"

हा फरक कायद्यालाही कळतो. साक्षीदार फुटला, डॉक्टर साक्षीला आले नाहीत, एफआयआरमध्ये गाडीचा नंबर चुकला, म्हणून दावा पडला, तर तो खोटा ठरत नाही. कलम १७२ तिथे लागत नाही.

खोटा म्हणजे काय, तर गाडी बदलणे. घाटात स्वतः घसरून पडलेल्याने आठ दिवसांनी ओळखीच्या, विमा असलेल्या गाडीचा नंबर जबाबात घालायचा. दवाखान्याच्या पहिल्या नोंदीत 'दुचाकीवरून पडल्याचे सांगतात' असं निळ्या शाईत लिहिलेलं असतं आणि दाव्यात मागून ट्रक येतो. विमा कंपनीचा वकील इतर कागद नंतर बघतो, पहिलं बोट ठेवतो ते त्या नोंदीवर. उत्तर प्रदेशात अशा बनावट दाव्यांच्या तपासासाठी विशेष पथक नेमावं लागलं होतं, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात गुंतलेल्या वकिलांबद्दलही कडक शब्द वापरले. आपल्याकडे शेजारच्याची गाडी 'मदतीला' देणारे लोक असतात. ती मदत घेऊ नका. गाडी देणाऱ्याचं काय होईल ते होईल, तुमची जखम खरी असूनही दावा खोटा होतो.

तारखेला गेलो नाही, कोर्टाने पाचशे रुपये खर्च लावला. नाही भरला तर?

भरा. आजच भरा. शेवटी हरण्यापेक्षा जास्त दावे मी इथे अडकलेले पाहिलेत.

तहकुबीचा खर्च वेगळा असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३५ब सांगतं की पुढच्या तारखेला तो भरणं ही काम पुढे चालवण्याची पूर्वअट आहे. भरला नाही तर तुमच्या बाजूची ती पायरी, मग ती साक्ष असो की उलटतपास, बंद होऊ शकते. अगदी पाचशे रुपयांसाठी. गणपतीत गावाला मुंबईचे पाहुणे आहेत म्हणून तारीख चुकली, शिमग्यात पालखी घरी येणार म्हणून चुकली, असं होतं. कोर्टाला कारण खरं वाटलं तरी खर्च लागतो. तो भरून पावती कोर्टाच्या फाईलला लावा.

सलग गैरहजर राहिल्याने दावाच काढून टाकला असेल तर तो परत घेण्यासाठी अर्ज देता येतो. तोही बहुधा खर्चाच्या अटीवर मंजूर होतो. पैसे समोरच्याला किंवा विधी सेवा प्राधिकरणाला भरायला सांगतात. मुदतीत भरले नाहीत तर मंजुरी वाया.

खर्चाचा हुकूम झाला. आता समोरचा वसूल कसा करतो?

दोन वाटा. पहिली दरखास्त. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १६९ मध्ये आलेल्या तरतुदीमुळे ट्रिब्युनलला आपल्या निवाड्याची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्यासारखी करता येते. दुसरी वाट त्याच कायद्याचं कलम १७४: ट्रिब्युनल जिल्हाधिकाऱ्याला दाखला देतं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. मग कागद तहसीलला, तिथून तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे. हे कलम खरं तर जखमींनी विमा कंपनीकडून पैसे काढावेत म्हणून आहे. शब्द मात्र 'कोणत्याही व्यक्तीकडून येणे' असे आहेत, तेव्हा ते उलटंही फिरतं.

दिवाणी हुकूमनाम्याची मुदत १२ वर्षं. चार वर्षांत काही आलं नाही म्हणजे सुटलो, असं समजू नका.

बेलिफ आला तर घरातलं काय नेऊ शकतो?

वकिलीच्या सुरुवातीच्या काळात मी एका जंगम जप्तीला, म्हणजे घरातल्या वस्तूंच्या जप्तीला, हुकूमनामाधारकाच्या बाजूने गेलो होतो. अपघाताचं काम नव्हतं, एका दिवाणी दाव्यातला खर्च होता, रक्कम सात हजारांच्या आतबाहेर. डोंगरउतारावरची वाडी, शेवटचा पाव किलोमीटर पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. बेलिफने ओटीवर बसून पाणी प्यायलं आणि वही काढली. घरात शिलाई मशीन होतं. घरची बाई त्यावर ब्लाऊज शिवून द्यायची. आमच्या पक्षकाराचं बोट तिकडेच. बेलिफ म्हणाला, "कारागिराचं हत्यार आहे ते, लिहिता येत नाही." मग तांब्याच्या हंड्याकडे बोट. "स्वयंपाकाची भांडी." गोठ्यातली गाय. "शेतकरी आहेत ना? मग नाही." शेवटी वहीत एक टीव्ही आणि एक टेबलफॅन उतरला. पंखा चालू करून पाहिला, चालेना. आमचा पक्षकार उतरताना पूर्ण पाखाडीभर एक शब्द बोलला नाही.

हे सगळं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या चालीनुसार बाईला उतरवता येत नाहीत असे दागिने म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याची औतं, गुरं, बियाणं आणि शेतकऱ्याचं राहतं घर, हे जप्तीबाहेर आहे. बाकीच्या वस्तूंना संरक्षण नाही. दुचाकी, फ्रीज, टीव्ही जाऊ शकतात.

आणि कलमांची बाग?

ती जप्त होऊ शकते. घराला संरक्षण आहे ते शेतकऱ्याच्या घराला, शेतकऱ्याच्या जमिनीला नाही. तरी कोकणातला सातबारा हाच एक मोठा बचाव आहे, कायद्याने दिलेला नसला तरी. एका नऊ गुंठ्यांवर सतरा नावं, त्यातली सहा मुंबईत, दोन वारलेली, एकीचं लग्नानंतरचं नाव चढलेलंच नाही. जप्त होतो तो फक्त तुमचा अविभक्त हिस्सा. तो लिलावात घेऊन भावकीत उतरायला कोण तयार होणार? चार हजारांच्या खर्चासाठी कुठल्याही विमा कंपनीने हे केलेलं मी पाहिलं नाही. पण सातबारा तुमच्या एकट्याच्या नावावर असेल आणि देणं मोठं असेल, तर जप्तीची नोंद होऊन जमीन विकायच्या वेळी ती आडवी येते.

अटक होईल का?

दिवाणी दरखास्तीत हुकुमाची एकूण रक्कम दोन हजारांपर्यंत असेल तर तुरुंग नाही, कलम ५८. म्हणजे कलम १७२ च्या हजार रुपयांसाठी कोणी तुम्हाला दिवाणी कैदेत ठेवू शकत नाही. दोन ते पाच हजारांना जास्तीत जास्त सहा आठवडे, पाच हजारांवर तीन महिने. बाईला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक करता येतच नाही, कलम ५६.

शिवाय ऐपत नसलेल्याला अटक नाही. देण्याची ताकद असून मुद्दाम टाळतोय, मालमत्ता लपवतोय, हे आधी दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात १९८० मध्येच हे ठाम सांगितलंय. आणि एक गंमत: कैदेतल्या तुमच्या जेवणाचा भत्ता दरखास्त लावणाऱ्यानेच भरायचा असतो. अटकेची धमकी देणारे पत्र पुष्कळ लिहितात, भत्ता भरायची वेळ आली की गप्प होतात.

पगार, पेन्शन, बँकेतले पैसे?

सरकारी पेन्शनला हात लागत नाही. मजुराची मजुरी आणि घरगडी-मोलकरणीचा पगारही नाही. प्रॉव्हिडंट फंड नाही. नोकरदाराच्या पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश वगळायचे. पगार १६,००० असेल तर महिन्याला जास्तीत जास्त ५,००० जप्त होतात. बचत खात्यातली साधी शिल्लक मात्र उघडी असते.

खालच्या कोर्टात जिंकलो, पैसे उचलले, घर बांधलं. आता कंपनी अपिलात जिंकली. पैसे परत?

खरी भीती बाळगायची तर याची. खर्चाचा तक्ता काही हजारांचा असतो. हे काही लाखांचं असतं.

होतं असं. ट्रिब्युनल सहा लाख देतं. कंपनी उच्च न्यायालयात अपील करते, स्थगितीसाठी रक्कम जमा करते. आपण अर्ज देऊन त्यातले काही पैसे उचलतो. उचलताना हमीपत्र लिहून देतो, आणि त्या हमीपत्रात 'अपिलाचा निकाल विरुद्ध गेल्यास रक्कम व्याजासह परत करीन' असं वाक्य असतं. स्टॅम्प व्हेंडरकडे गर्दी असते, वकिलाचा कारकून 'इथे सही करा' म्हणतो, आपण करतो. सात वर्षांनी अपिलाचा निकाल लागतो. तोवर चिऱ्याचं घर उभं राहिलेलं असतं आणि मुलीचं लग्न झालेलं असतं.

मूळ निकाल फिरला की दिलेलं परत करायचं, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ चं तत्त्व आहे. बिचाऱ्या कुटुंबाने खर्च करून टाकलेली रक्कम परत घेऊ नये, असं वरच्या कोर्टांनी अनेकदा दयेने म्हटलंय. ती दया आहे, तिच्या भरवशावर स्लॅब टाकू नये. माझा सल्ला: अपील चालू असताना उचललेल्या पैशातून औषधपाणी आणि कर्ज भागवा, निदान निम्मी रक्कम एफडीत ठेवा. कोणी ऐकत नाही, तरी मी सांगतो.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची ही अपिलं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेलीत. रायगडची अजून मुंबईलाच. अंबा घाट चढून जायचं, पण मुंबईच्या रात्रीच्या गाडीपेक्षा बरं.

मी हरलो आणि मलाच अपील करायचंय. आधी पैसे भरावे लागतात का?

नाही. अपिलाआधी २५,००० किंवा निवाड्याच्या निम्मे, यातली कमी रक्कम भरण्याची अट ज्याला निवाड्याने पैसे द्यायला सांगितलंय त्याच्यासाठी आहे. दावा फेटाळला गेलेल्या जखमीसाठी ती नाही. मुदत ९० दिवस. खर्चाच्या हुकुमाला स्थगिती वेगळी मागावी लागते, नुसतं अपील दाखल केल्याने दरखास्त थांबत नाही.

"वकील म्हणतात जिंकलो तर वीस टक्के, हरलो तर सगळा खर्च त्यांचा."

हा करार वकिलाला करताच येत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही, हे बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय. टक्केवारी चालते हे कोर्टाच्या कँटीनमधल्या चहावाल्यालाही ठाऊक आहे. पण खर्चाचा हुकूम निघाला तर तो तुमच्या नावावर निघतो. तेव्हा 'हरलो तर माझा' म्हणणाऱ्याचा फोन लागत नाही, आणि कागद नसतो म्हणून तुम्हाला काही म्हणताही येत नाही. ठरलेली फी द्या, पावती घ्या.

परिस्थिती नाही. फुकट वकील मिळाला तर खर्चही माफ होतो का?

वकील मिळतो. स्त्रिया, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कामगार आणि मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले यांना १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली तो हक्कच आहे. तालुक्याच्या कोर्टात समितीचं टेबल असतं. पण समोरच्याचा खर्च त्याने आपोआप माफ होत नाही. दिवाणी दावा अकिंचन म्हणून, कोर्ट फी न भरता केला असेल तर हरल्यावर ती फीसुद्धा भरायचा हुकूम होतो. युक्तिवादाच्या शेवटी 'अर्जदाराची परिस्थिती पाहता खर्चाचा हुकूम करू नये' हे एक वाक्य वकिलाला बोलायला लावा. एवढ्याने पुष्कळ काम होतं.

मधेच माघार घेतली तर?

परवानगी न घेता दावा सोडला तर कोर्ट खर्च लावू शकतं. पुरावा सुरू होण्याआधी समोरच्याशी बोलून 'खर्चाबाबत हुकूम नको' अशी दोघांच्या सहीची पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, द्या. त्याहून बरं लोकअदालत: तिथे तडजोड झाली की कोर्ट फी परत मिळते, निवाड्यावर अपील नाही, आणि खर्चाचा विषयच मिटतो.

वडिलांनी दावा केला होता, ते हरले आणि वारले. आम्ही भरायचं?

वडिलांकडून जे तुमच्या हाती आलं असेल तेवढ्यापुरतंच. तुमच्या स्वतःच्या पगाराला किंवा तुम्ही घेतलेल्या घराला हात लागत नाही.

महामार्गाच्या खड्ड्यात, गटाराच्या उघड्या चरात पडलो. ठेकेदारावर आणि खात्यावर दावा लावला तर?

इथे सांभाळा. यात दुसरी गाडी नसेल तर तो ट्रिब्युनलचा नव्हे, साधा दिवाणी दावा होतो. मागणीच्या रकमेवर कोर्ट फी, सरकार प्रतिवादी असेल तर कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, आणि हरलात तर कलम ३५ पुरतं लागू. रागाच्या भरात ५० लाख मागू नका. तक्त्यातली वकिलाची फी दाव्याच्या रकमेच्या हिशेबाने चढते. परशुराम घाटातल्या चिखलाचे फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत. तुम्ही पडलात त्या जागेचा, त्या दिवसाचा पंचनामा आहे का, हे आधी बघा.

बोटीवरचा खलाशी, रेल्वेतून पडलेला, डॉक्टरच्या चुकीचा बळी: सगळ्यांना हेच नियम?

नाही. खलाशासारख्या कामगारांच्या, नुकसानभरपाई आयुक्तांपुढच्या कामात खर्च आयुक्तांच्या मर्जीवर असायचा, २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कायद्याचं कलम २६. कोकण रेल्वेतून पडल्याचा दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणापुढे. डॉक्टरविरुद्ध ग्राहक आयोगात गेलात तर तिथे खर्च देण्याचे आयोगाचे वेगळे अधिकार आहेत. प्रत्येकाचं स्वतंत्र विचारा.

मुलगा मस्कतला असतो. त्याच्या नावाने इथे दिवाणी दावा लावला तर काही अडचण?

एक आहे. एकटाच वादी भारताबाहेर राहत असेल आणि दाव्यातल्या मालमत्तेशिवाय इथे त्याची पुरेशी स्थावर मालमत्ता नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ खाली कोर्ट त्याच्याकडून खर्चासाठी तारण मागतं. दिलं नाही तर दावा फेटाळला जातो. वडिलोपार्जित हिस्सा त्याच्या नावावर चढलेला असेल तर सातबारा दाखल करा. वारस तपास रखडलेला असेल तर तो आधी करून घ्या, त्या निमित्ताने तरी होईल.

"भाचा इंग्लंडात टॅक्सी चालवतो. तो म्हणतो, तिकडे हरलेल्या जखमीकडून खर्च घेतच नाहीत."

अर्धं बरोबर आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २०१३ पासून शारीरिक इजेच्या दाव्यांत एकतर्फी पद्धत आहे: जखमी जिंकला तर प्रतिवादी खर्च देतो, जखमी हरला तर खर्चाचा हुकूम होतो, पण तो वसूल करता येत नाही. पूर्ण हरलेल्याच्या हातात काही पडलेलं नसतं, म्हणून त्याला शून्य.

अर्धं चूक ते असं. काही रक्कम मिळाली पण वाटेत एखाद्या टप्प्यावर तो हरला, किंवा प्रतिवादीने आधी देऊ केलेल्या रकमेपेक्षा कमी मिळालं, तर मिळालेल्या रकमेच्या मर्यादेत प्रतिवादी खर्च कापून घेऊ शकतो. ६ एप्रिल २०२३ नंतर दाखल झालेल्या कामांत ही मर्यादा आणखी रुंद झाली: नुकसानभरपाई आणि व्याजच नव्हे, तर जखमीला मिळणारा खर्चही त्या हिशेबात धरतात. दाव्याला काही आधारच नाही म्हणून तो खोडून काढला गेला तर संरक्षण जातं. आणि कोर्टाला दावा मुळातूनच अप्रामाणिक वाटला, तर परवानगीने पूर्ण खर्च वसूल होतो. तिथे त्याला हजार रुपयांची मर्यादा नाही. आकडा हजारो पौंडांत असतो. भाच्याला म्हणावं, मानेचं दुखणं जेवढं आहे तेवढंच सांग.

आपल्याकडे असा लेखी नियम नाही. आपल्याकडे न्यायाधीशाचा शिरस्ता आहे आणि बेलिफच्या वहीत न चढणारी भांडी आहेत.

गाडीमालकाला आलेली 'पे अँड रिकव्हर'ची नोटीस म्हणजे हेच का?

नाही. लायसन्स नसलेल्याने गाडी चालवली, तर कोर्ट कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं आणि मग ते मालकाकडून काढायची मुभा देतं. वेगळा दावा न लावता त्याच कामात दरखास्त येते. ती नोटीस जखमीला नसते, मालकाला असते, आणि रक्कम लाखांत असते. ती आली तर हे पान वाचत बसू नका, वकील गाठा.

खर्च भरायचाच आहे. कुठे आणि कसा?

कोर्टात भरा. समोरच्या वकिलाच्या हातात रोख देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. बाहेर दिलेली रक्कम ३० दिवसांत कोर्टात नोंदवून घ्यावी लागते. त्याच संहितेचा आदेश २१ नियम २. नोंदवली नाही तर दरखास्त चालवणारं कोर्ट ती मानत नाही, आणि मग दोनदा भरण्याची पाळी येते. एकदम जमत नसेल तर हप्त्यांसाठी अर्ज द्या. समोरचा कबूल असेल तर पटकन होतो. नाझर विभागात, म्हणजे कोर्टाच्या पैसे घेणाऱ्या खात्यात, चलन भरलं की पावतीची झेरॉक्स फाईलला, मूळ घरी. आणि 'पूर्ण वसुली झाली' अशी नोंद होऊन दरखास्त निकाली निघाली का, हे पुढच्या तारखेला रोजनाम्यात (कामाच्या तारीखवार नोंदीत) स्वतः वाचून या.